कॅज्युअल्टी म्हणजे बळी नव्हे

प्रश्न असा : अमेरिकेच्या यादवी युद्धावर लिहिताना ‘कॅज्युअल्टीज’ला, म्हणजे ठार, जखमी, बेपत्ता अशा सगळ्यांना मिळून, मराठीत काय म्हणावं? ‘व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गला मेन राज्याच्या एका पलटणीचे ६३२ बळी’ हे चालेल का?

नाही चालणार. हे इतक्यांदा वाचतोय की आता चीड येते. १८ जून १८६४ला फर्स्ट मेन हेवी आर्टिलरीची सुमारे ९०० माणसं पीटर्सबर्गच्या मोर्च्यांवर चालून गेली. नावाला तोफखाना, पण लढली पायदळासारखी, उघड्या शेतातून. ११५ ठार, ४८९ जखमी, २८ बेपत्ता, बेरीज ६३२. जखमींतले बरेच पुढे दगावले हे खरं, पण त्या दिवशीच्या हिशेबात ते जिवंत होते. ‘बळी’ लिहून तुम्ही त्यांना लेखणीनेच मारता. आपण रिक्षावाल्याला ‘कॅज्युअल्टीच्या दाराशी घ्या’ म्हणतो, तेव्हा आत जिवंत माणूसच नेत असतो ना?

‘हताहत’ चांगला शब्द आहे. हत अधिक आहत, म्हणजे मेलेले आणि घायाळ. पण बातम्यांनी त्यातला ‘आहत’ गिळून टाकलाय, आणि बेपत्ता माणूस त्यात मुळात नाहीच.

माझा जीव आहे तो ‘जायबंदी’वर. हल्ली तो फक्त क्रिकेटच्या पानावर दिसतो, गोलंदाजाचा घोटा मुरगळला की. माझ्या मते त्याच्या पोटात अरबीतून फारसीमार्गे आलेला ‘जाया’ आहे : गमावलेला, वाया गेलेला. उर्दूत ‘वक्त जाया करना’ म्हणतात, तोच. आता पलटणीचा हिशेब आठवा. उद्या सकाळी बंदूक धरायला किती उरले, एवढाच तो प्रश्न. माणूस मेलेला असो वा जिवंत, फौजेने तो गमावला. कॅज्युअल्टीचा नेमका हाच अर्थ! १७ सप्टेंबर १८६२ला मेरीलँडमधल्या अँटिएटमच्या मक्याच्या शेतात फर्स्ट टेक्सास पलटणीच्या २२६पैकी १८६ जण असेच जाया झाले, शंभरातले ८२.

कुणी म्हणतं, यातला ‘जाय’ फारसी, म्हणजे जागा. जायबंदी म्हणजे जागीच खिळलेला. मला हे साफ अमान्य आहे. घोटा धरून लंगडत तंबूत परतणाऱ्यालाही आपण जायबंदीच म्हणतो, तो कुठे खिळलाय? आणि ‘बंदी’ पाहून त्याला कैदी ठरवणाऱ्यांनी कोश उघडावा.

मेलेल्याला मात्र जायबंदी म्हणत नाहीत, तर तुमचं वाक्य फोडून लिहा : ११५ ठार, ४८९ जायबंदी, २८ बेपत्ता.