फूटभर पाण्यावर बाग जगते का?

थंडी सरली की या सदराचं टपाल फुगतं. या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी निम्म्या पत्रांत एकच वाक्य आहे, "मावशी, पाणी फार कमी आहे, काय करावं?" किती कमी, ते कुणी लिहीत नाही. पाणलोटाच्या कामावर मी सर्वेअर म्हणून नोकरी केली, आता माण तालुक्यात स्वतःची कोरडवाहू करते. टेप आणि बादली सोडून मला तिसरं हत्यार माहीत नाही. विहिरीचा व्यास, सकाळची पाण्याची उंची, मोटर किती वेळ चालते आणि झाडं किती, एवढं पत्रात लिहाच. नाही तर मलाही अंदाजानं सांगावं लागेल, आणि अंदाजानं सांगणारी माणसं तुमच्या गावात पुष्कळ आहेत.

पहिलं पत्र मात्र आकड्यांनिशी आलंय, म्हणून त्यालाच जास्त जागा देते.

प्रश्न : मावशी, माझी दोन एकर मोसंबी आहे. नऊ वर्षांची २२० झाडं. आंबे बहाराची (थंडीच्या अखेरीस आलेल्या फुलांची) फळं गोटीएवढी झाली आहेत. विहीर २० फूट व्यासाची आणि ५० फूट खोल. सकाळी तळाला फूटभर पाणी दिसतं. पाच एचपीची मोटर अर्धा तास चालली की हवा ओढते. दोन बोअर घेतले. ३५० फुटांच्या पहिल्यात नुसता फुपाटा उडाला. ५०० फुटांच्या दुसऱ्याला महिनाभर इंचभर पाणी होतं, मग गेलं. आता पाणाड्यानं (जमिनीतलं पाणी सांगणाऱ्यानं) नारळ धरून बांधाच्या कोपऱ्यात जागा दाखवली आहे, ७०० फुटांपर्यंत जा म्हणतो. मंडळी दागिने मोडायला तयार आहेत. घ्यावा का? ठिबक आहे, पण त्यानं झाडाचं भागत नाही म्हणून आळ्यात नळी सोडतो.
— एक शेतकरी, ता. अंबड, जि. जालना

उत्तर : दादा, बोअर घेऊ नका. दागिने कपाटात राहू द्या.

तुमच्या-माझ्या पायाखाली लाव्हाचा खडक आहे, थरावर थर. वरचा मुरूम आणि त्याखालचा फुटलेला, भेगाळलेला खडक पाणी धरतो. मांजऱ्या, म्हणजे बारीक पोकळ्यांचा खडक, लागला आणि तो झिजलेला असला तर थोडंफार पाणी मिळतं. त्याखाली काळा पाषाण सुरू झाला की पाणी असेल ते दोन थरांच्या सांध्यात किंवा एखाद्या फटीत. फट लागली तर नशीब, आणि लागली तरी तिथलं पाणी वर्षानुवर्षं मुरून साठलेलं असतं. उपसायला महिना पुरतो, भरायला किती पावसाळे लागतील ते सांगता येत नाही. तुमच्या दुसऱ्या बोअरनं हेच दाखवलं. पाणाड्याचा नारळ उभा राहतो तो त्याच्या तळहातावर. खाली फट आहे की नाही याच्याशी त्या नारळाचा संबंध नाही, आणि कोरडं गेलं तरी पाणाड्याची दक्षिणा परत येत नाही. शिवाय २००९च्या भूजल कायद्यानं ६० मीटर, म्हणजे साधारण २०० फूट, आणि त्यापुढची विहीर ही 'खोल विहीर' धरली आहे आणि शेतीसाठी तिच्यावर बंधन घातलंय. बोअरची गाडी हा कायदा वाचून गावोगाव फिरत नाही, हा भाग वेगळा.

आता तुमच्या विहिरीकडे वळू. तिला तुम्ही आटलेली म्हणता. २० फूट व्यासाच्या विहिरीत एक फूट पाणी म्हणजे सुमारे ८,९०० लिटर. हे पाणी तिला रोज रात्रीतून पाझरतंय. संध्याकाळी पुन्हा टेप सोडून बघा, दिवसभरात आणखी चार-सहा इंच चढत असेल. ते तर तुम्ही हिशेबात धरलेलंच नाही.

नऊ वर्षांच्या मोसंबीला मे महिन्यात फळांसकट नीट पोसायचं तर झाडाला दिवसाला १०० लिटरच्या वर पाणी लागतं. म्हणजे २२० झाडांना २२,००० लिटर. ते तुमच्याकडे नाही, आणि ७०० फुटांवर आहे अशी हमी कुणी देणार नाही. पण बाग नुसती जगवायची असेल तर ३० लिटरवर भागतं. २२० गुणिले ३० म्हणजे ६,६०० लिटर. विहीर देते ८,९००. आज तुमच्याकडे पाणी शिल्लक आहे, दादा!

मग झाडं सुकतात का? तर अर्ध्या तासाचं सगळं पाणी आळ्यात सोडल्यावर ते थोड्याच झाडांना पोचतं, त्यातलं बरंचसं उघड्या ओल्या मातीतून उडून जातं आणि उरलेल्या झाडांची पाळी येते आठ-दहा दिवसांनी. ठिबकनं भागत नाही असं वाटतं, कारण ठिबकमध्ये जमीन भिजलेली दिसत नाही. माणसाला डोळ्यांना दिसेल असं पाणी लागतं. मुळांना तसं काही नसतं.

तेव्हा बागेचे दोन भाग करा, मध्ये व्हॉल्व्ह आहेच. एका दिवशी ११० झाडं, दुसऱ्या दिवशी उरलेली ११०. प्रत्येक झाडाला दिवसाआड ६० लिटर. रोज ३० लिटरनं वरचीच चार बोटं भिजतात, ६० लिटर खाली उतरतं. झाडाला चार लिटरचे चार ड्रीपर असतील असं धरते, म्हणजे पावणेचार तास. मोटर एवढा वेळ हवा न ओढता चालावी म्हणून बायपास उघडा ठेवा, जादा पाणी परत विहिरीत पडू द्या. फूटव्हॉल्व्ह तळातल्या कुंडीत बसवा. लाइट रात्रीची असेल तर रात्री द्या, उन्हापेक्षा बरंच.

फळं काढून टाका. हे वाचून तुम्ही पान उलटाल, मला कल्पना आहे. पण गोटीएवढं फळ आज काढलं तर झाड वाचतं, मेमध्ये ते आपोआप गळेल आणि जाताना झाडाचा जीव घेऊन जाईल. सुकी फांदी, पाणसोट (सरळ वाढणारे, फळ न देणारे फुटवे) काढा, हलकी छाटणी करा. बुंध्याला बोर्डो पेस्ट लावा, एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी. पानांवर ८ टक्के केओलिन (पांढऱ्या मातीची भुकटी) फवारा, म्हणजे दहा लिटरला ८०० ग्रॅम. पानं पांढरी दिसतील, ऊन परत फिरेल, पाणी कमी उडेल. आणि ड्रीपरखाली सोयाबीनचा भुस्सा किंवा उसाचं पाचट वीतभर जाड पसरा. भुस्सा गावात अजून मिळतोय तोवर आणा, एप्रिलमध्ये त्यालाही भाव येतो. वाळवीवर लक्ष ठेवा.

मेमध्ये विहिरीची आवक निम्म्यावर येईल असं धरून चाला. मग रोज २,१५० लिटरची तूट पडेल. ४५ दिवसांची तूट साधारण ९७,००० लिटर, म्हणजे दहा हजारांचे दहा टँकर. त्यांची सोय आत्ता लावून ठेवा. दहा टँकरचे पैसे आणि ७०० फुटांचं बोअर, केसिंग, मोटर, केबल यांचे पैसे शेजारी शेजारी लिहा आणि मंडळींना दाखवा.

पुढच्या वर्षापासून मृग बहार धरा, म्हणजे पावसाच्या सुरुवातीला येणारी फुलं. त्याला ताण, म्हणजे पाणी तोडणं, एप्रिल-मेमध्येच द्यायचा असतो, म्हणजे विहीर खाली जाते तेव्हा झाडालाही विश्रांतीच हवी असते. आंबे बहार ज्याच्या विहिरीला उन्हाळ्यात पाणी आहे त्यानं धरावा.

राहिले ते दोन कोरडे बोअर. जूनच्या आधी एखाद्यात टँकरभर पाणी ओतून बघा. तासाभरात गेलं तर आत फट आहे, केसिंगभोवती खड्डा घेऊन दगड, खडी, वाळूचे थर भरा आणि शेतातलं पावसाचं पाणी त्यातून मुरवा. पाणी वरच उभं राहिलं तर झाकण लावून घट्ट बंद करा. उघडं बोअर लेकरांसाठी किती धोक्याचं ते मी सांगायला नको.

प्रश्न : आमच्याकडे डाळिंब आहे. सासरे ३० बाय ३० मीटरचं, तीन मीटर खोल, प्लॅस्टिक अस्तराचं शेततळं करायचं म्हणतात. जागा घराजवळ, उंचावर आहे. ते दिवाळीनंतर दोन्ही बोअर चालवून भरायचं, असा बेत आहे. मला हे पटत नाही, पण कारण सांगता येत नाही.
— एक वाचक, ता. सांगोला, जि. सोलापूर

उत्तर : अगं, कारण सोपं आहे. जमिनीखाली सावलीत असलेलं पाणी वीज जाळून वर आणायचं आणि उन्हात ठेवायचं. या मापाच्या तळ्याचे काठ एकास एक उताराचे धरले तर त्यात सुमारे २२ लाख लिटर पाणी मावतं. वरचा पसारा ९०० चौरस मीटर. उन्हाळ्यात दिवसाला आठ मिलिमीटर जरी उडालं तरी ७,२०० लिटर रोज हवेत जातं. वरच्या पत्रातल्या दादांची सगळी बाग तेवढ्यात जगते.

आणि ते २२ लाख लिटर तुमच्या सातबाऱ्याखालचंच असेल असं नाही. खडकाला बांध माहीत नसतो. तुमचे दोन बोअर दिवाळीपासून रात्रंदिवस चालले की जानेवारीत शेजाऱ्याची विहीर बसेल, मग तोही शेततळं करेल, त्याच्याहून मोठं. 'मागेल त्याला शेततळे' ही योजना २०१६मध्ये आली ती वाहून जाणारं पावसाचं पाणी अडवायला. आपण ती बोअरच्या पाण्याची टाकी करून टाकली.

सासऱ्यांना सांग, तळं करूच, पण ओघळीच्या तोंडाशी. सांगोल्याकडचा पाऊस ५०० मिलिमीटर धरला आणि त्यातला दहावा हिस्सा वाहून आला असं मानलं तर २२ लाख लिटरला साधारण ११ एकरांचं पाणी लागेल. वर तेवढं रान उताराला नसेल तर तळं लहान करा. लहान आणि खोल. आधी गाळ बसायला एक छोटा खड्डा, मग आत पाणी. अगदीच विहिरीचं घ्यायचं तर ऑगस्ट-सप्टेंबरात, विहीर काठोकाठ असताना. दिवाळीनंतर एक थेंबही नको.

अस्तर केलंच तर कुंपण आधी घाला आणि चारी बाजूंनी गाठी मारलेले दोर आत सोडून ठेवा. त्या ओल्या प्लॅस्टिकवरून पट्टीच्या पोहणाऱ्यालाही वर येता येत नाही.

प्रश्न : आम्ही चौदा कुटुंबं मिळून ओढ्याकाठी सामाईक विहीर घेतोय. पाणी जमिनीच्या हिशेबानं वाटावं की कसं? दोघांची शेती नाही, पण खोदाईला ते राबणार आहेत.
— एक तरुण, ता. पुरंदर, जि. पुणे

उत्तर : पुरंदरमधून हा प्रश्न यावा याची मला गंमत वाटली. ७२च्या दुष्काळानंतर तुमच्याच तालुक्यात, नायगावला, विलासराव साळुंखे यांनी १९७४मध्ये पाणी पंचायत उभी केली. गावातल्या म्हाताऱ्यांना विचार, आठवत असेल. त्यांचा नियम असा की पाणी माणसामागे, जमिनीमागे नाही. माणशी अर्ध्या एकराचं, कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकराचं. भूमिहीनालाही हक्क. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क जमिनीबरोबर जात नाही. आणि ऊस लावायचा नाही.

मी तुमच्या जागी असते तर हे सगळे नियम जसेच्या तसे उचलले असते. भूमिहीन दोघांना त्यांचा वाटा मिळू दे, ते खंडानं रान करतील नाही तर वाटा दुसऱ्याला देतील, तो त्यांचा प्रश्न. पण पहिल्याच बैठकीत कागदावर घ्या ती शेवटची अट. मी पाहिलेल्या सामाईक विहिरी भाऊबंदकीनं जेवढ्या मोडल्या त्याहून जास्त उसानं मोडल्या. एकानं दहा गुंठे लावला की त्याला बारा महिने पाणी लागतं, आणि मग पाळी मोडायला कारण सापडतं. हिवरे बाजारनं उसाला आणि शेतीसाठीच्या बोअरला ग्रामसभेत बंदी घातली, ती टिकली. पाऊस मोजायचा, पावसाळा संपला की किती पाणी हाताशी आहे ते मांडायचं, मग रब्बीत काय पेरायचं ते ठरवायचं, ही त्यांची रीत. तुम्ही चौदाच घरं आहात. एक पर्जन्यमापक आणि विहिरीच्या भिंतीवर रंगानं काढलेल्या फुटांच्या खुणा, एवढ्यावर हे जमतं. खुणा अशा जागी काढा की येता-जाता सगळ्यांना दिसतील. वही एकाच्या घरी असते, भिंत सगळ्यांची असते.

मोटरची किल्ली दर महिन्याला दुसऱ्या घरी.

प्रश्न : बोअरचं पाणी खारं आहे. ड्रीपरच्या तोंडाशी पांढरं बसतं, निम्मे बंद आहेत. नळ्या बदलाव्या का?
— एक शेतकरी, ता. आष्टी, जि. बीड

उत्तर : लगेच नको. एक ड्रीपर काढून आम्लाच्या थेंबात टाका. फसफसला तर क्षार आहेत, निघतील. व्हेंचुरीतून (ठिबकमध्ये खत-औषध ओढून घेणाऱ्या नळीतून) आम्ल सोडा, शेवटच्या ड्रीपरमधून येणाऱ्या पाण्याचा सामू (पीएच) पीएच कागदावर चारपर्यंत उतरला की मोटर बंद. चोवीस तास तसंच राहू द्या, मग एंड कॅप (नळ्यांच्या टोकाची बुचं) उघडून स्वच्छ पाणी येईपर्यंत नळ्या धुवा. फसफसला नाही आणि हिरवं-बुळबुळीत असेल तर ते शेवाळ, त्याला ब्लीचिंग पावडर. दोन्ही एकाच दिवशी करू नका, विषारी वायू होतो. हातमोजे घाला, आणि आम्ल पाण्यात ओता, पाणी आम्लात ओतू नका.