नेटवर्किंगसाठी पहिलं सर्टिफिकेट कोणतं करू: नेटवर्क प्लस की सीसीएनए?

तुमचा प्रश्न मी असा समजले: बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्सचं शेवटचं वर्ष, कोडिंगमध्ये मन रमत नाही, नेटवर्किंगकडे वळायचंय. एका क्लासवाल्यांनी ८५ हजारांत सिस्को या नेटवर्क उपकरणं बनवणाऱ्या कंपनीचं सीसीएनए, त्याच्या वरच्या पायरीचं सीसीएनपी आणि फायरवॉल असं एकत्र पॅकेज पुढे केलंय, वर नोकरीची हमी. मित्र म्हणतो आधी कॉम्पटिया या संस्थेचं नेटवर्क प्लस कर, ते सोपं पडेल. घरचे विचारतायत की सगळं क्लाऊडवर चाललंय तर नेटवर्किंगला भविष्य आहे का. आणि इंग्रजीची काळजी आहेच.

सीसीएनए करा, आणि ते ८५ हजार घरीच राहू द्या.

मी पुण्यात एका कंपनीच्या नॉकमध्ये काम करते. नॉक म्हणजे जिथे चोवीस तास स्क्रीनवर लिंक लाल झाली की टिकट पडतं ती जागा. अकरा वर्षं झाली, त्यातली शेवटची चार एल-वनच्या, म्हणजे पहिल्या पायरीच्या, मुलाखती घेण्यातही गेली. तेव्हा टेबलाच्या दोन्ही बाजूंनी बघून सांगतेय.

नेटवर्क प्लस वाईट अजिबात नाही. उलट, ते कुठल्या एका कंपनीच्या उपकरणांना बांधलेलं नसल्यामुळे पाया चांगला होतो. जून २०२४ पासून एन१०-००९ ही आवृत्ती सुरू आहे. ९० मिनिटांत जास्तीत जास्त ९० प्रश्न, १०० ते ९०० च्या मापावर ७२० ला पास. अमेरिकेत त्याला खरं वजन आहे, कारण तिथल्या संरक्षण खात्याच्या कामांसाठी जी मान्य सर्टिफिकेटांची यादी असते तिच्यात ते आहे. यूट्यूबवर जे अमेरिकन लोक ‘आधी ए प्लस, मग नेटवर्क प्लस’ सांगतात ते त्यांच्या बाजारासाठी बरोबरच सांगतात. पण आपल्याकडे एचआरची मुलगी नोकरीच्या पोर्टलवर शोधचौकटीत टाइप करते ‘सीसीएनए’. माझ्यापर्यंत जे रेझ्युमे येतात ते त्या चाळणीतून खाली पडलेले असतात. नेटवर्क प्लसवाला कदाचित जास्त हुशार असेल, पण तो चाळणीतच अडकतो.

सिस्कोचंच सीसीएसटी नावाचं आणखी खालच्या पायरीचं सर्टिफिकेट २०२३ पासून आहे. ५० मिनिटांची परीक्षा, फी सीसीएनएच्या निम्म्याहून कमी. शाळा-कॉलेजातल्या मुलांना चव घ्यायला ठीक. पदवीच्या शेवटच्या वर्षाला असलेल्या माणसाने त्यात पैसे घालू नयेत असं माझं मत. ज्युनिपर या दुसऱ्या उपकरण-कंपनीचं जेएनसीआयएही आहे, पण ते ज्युनिपरची उपकरणं असलेल्या ठिकाणी नोकरी लागल्यावर बघा.

आता सीसीएनएचा हिशेब. परीक्षेचा क्रमांक २००-३०१, वेळ १२० मिनिटं, फी ३०० डॉलर आणि वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे रुपयांत ३० हजारांच्या घरात. नापास झालात तर पाच दिवस थांबून पुन्हा बसता येतं, पण पुन्हा पूर्ण फी भरून. एकदा पुढे गेलात की मागच्या प्रश्नावर परतता येत नाही, आणि पासिंग किती ते सिस्को जाहीर करत नाही. सर्टिफिकेट तीन वर्षं चालतं. म्हणून पदवीच्या दुसऱ्या वर्षातच उरकून टाकण्यात अर्थ नसतो. घड्याळ पास झाल्या दिवसापासून सुरू होतं. तुम्ही शेवटच्या वर्षाला आहात, वेळ बरोबर आहे.

अभ्यासासाठी मात्र पैसे लागत नाहीत. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीत खातं उघडलं की पॅकेट ट्रेसर फुकट मिळतं. त्यात राउटर, स्विच, पीसी सगळं मांडून केबल जोडता येते आणि खऱ्यासारख्या कमांड देता येतात. संपूर्ण अभ्यासक्रमाचे व्हिडिओ यूट्यूबवर मोफत आहेत. रोज दोन तास दिले तर पाच-सहा महिने धरा.

क्लास लावायचाच असेल (काहींना समोर मास्तर असल्याशिवाय होत नाही, मलाही होत नव्हतं) तर आधी त्यांचा सिलॅबस मागा आणि त्यात फ्रेम रिले किंवा ईआयजीआरपीचं कॉन्फिगरेशन शोधा. सापडलं तर नमस्कार करून बाहेर या. फ्रेम रिले त्याआधीच गेलं होतं, आणि फेब्रुवारी २०२० मध्ये परीक्षा बदलली तेव्हा ईआयजीआरपीचं कॉन्फिगरेशनही गेलं. राउटिंग प्रोटोकॉल (राउटरांनी एकमेकांना रस्ते कळवायची पद्धत) म्हणून आता कॉन्फिगर करायचा तो फक्त ओएसपीएफ, तोही एकाच एरियातला. उलट ऑटोमेशनला दहा टक्के वजन आलं आणि ऑगस्ट २०२४ च्या सुधारणेत अँसिबल या ऑटोमेशनच्या साधनाच्या जोडीला टेराफॉर्मही बसलं. जुन्या नोट्सच्या झेरॉक्सवर चालणारे क्लास अजून बरेच आहेत. आणि नोकरीच्या आधी सीसीएनपी करूच नका. कामाचा अनुभव शून्य आणि रेझ्युमेवर सीसीएनपी असलेल्या मुलाला आम्ही सीसीएनपीचेच प्रश्न विचारतो, मग दोघांनाही अवघडल्यासारखं होतं. डम्प, म्हणजे परीक्षेतून फुटलेली प्रश्नोत्तरं, पाठ करून पास व्हायचा विचार मनात असेल तर तो काढून टाका. सिस्को पकडलं तर सर्टिफिकेट रद्द करतं, आणि सिस्कोने नाही पकडलं तर आम्ही दुसऱ्या मिनिटाला पकडतो.

कसं ते सांगते. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो: यूजरचा फोन आलाय, नेट चालत नाही, पीसीवर आयपी दिसतोय १६९.२५४ ने सुरू होणारा. काय समजशील? डम्पवाला ‘एपीआयपीए’ (पीसीने स्वतःच घेतलेला पत्ता) म्हणतो आणि हसून थांबतो. बरोबर आहे, पण पुढे? पत्ते वाटणाऱ्या डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही हे त्याने म्हणायला हवं, मग मला विचारायला हवं की शेजारच्या पीसीचं काय, पोर्ट कुठल्या व्हीलॅनमध्ये (स्विचमध्ये वेगळ्या केलेल्या गटात) आहे, काल कोणी टेबलं हलवली का. गेल्या वर्षी लातूरकडचा एक मुलगा आला होता, इंग्रजी अडखळत होतं. मी म्हटलं मराठीत सांग. त्याने कागद ओढला, स्विच काढला आणि म्हणाला, मॅडम, आधी केबलचा दिवा बघायला सांगतो. घेतला त्याला. तुम्ही इंग्रजीची काळजी लिहिली आहे म्हणून हे सांगितलं. टिकट लिहिण्याइतकं इंग्रजी दोन महिन्यांत येतं.

पण सीसीएनए झालं म्हणजे काम आलं असंही नाही. माझीच गोष्ट. पास होऊन जेमतेम पाच महिने, नाइट शिफ्ट, चाकणच्या एका गोदामातला स्विच. सीसीटीव्हीसाठी व्हीलॅन ३० ट्रंकवर, म्हणजे अनेक व्हीलॅन एकत्र नेणाऱ्या लिंकवर, चढवायचा होता. ट्रंकवर आधीपासून १०, २० आणि ९९ होते. ९९ म्हणजे आम्ही ज्यातून स्विचमध्ये लॉगिन करतो तो. मी लिहिलं ‘स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०’ आणि एंटर. लिहायला हवं होतं ‘अलाउड व्हीलॅन अ‍ॅड ३०’. त्या एका ‘अ‍ॅड’शिवाय स्विचला वाटतं की आता फक्त ३०, बाकीचे काढा. त्याने निमूटपणे काढले. माझी स्क्रीन गोठली, गोदामातले स्कॅनर बंद पडले आणि स्विचमध्ये परत शिरायचा रस्ता मीच तोडला होता, कारण ९९ सुद्धा गेला होता. हा फरक मी परीक्षेत बरोबर सोडवलेला, बरं का.

वाचले ते एकाच कारणाने: कॉन्फिगरेशन सेव्ह केलं नव्हतं. बंद करून चालू केलं की स्विच जुन्या, सेव्ह केलेल्या फाइलवर येणार. पण बंद कोण करणार? रात्री अडीच वाजता वॉचमन काकांना फोन लावला. त्यांनी रॅक उघडली आणि विचारलं, “ताई, इथे सतरा वायरी आहेत, कुठली ओढू?” पंधरा मिनिटं मी त्यांना मागची काळी जाड केबल समजावत होते. अखेर सापडली. सहा-सात मिनिटांनी लिंक हिरवी झाली. त्या दिवसापासून दूरच्या स्विचला हात लावण्याआधी ‘रीलोड इन १०’ मारते. चुकलेच तर दहा मिनिटांनी तो आपणहून रीस्टार्ट होतो, नीट झालं तर ‘रीलोड कॅन्सल’. काका झोपलेले राहतात.

घरच्यांच्या क्लाऊडच्या प्रश्नाला एवढंच दाखवा: एडब्ल्यूएस या ॲमेझॉनच्या क्लाऊडमध्ये व्हीपीसी, म्हणजे तुमचं खासगी नेटवर्क, उघडली की ती पहिल्यांदा तुम्हाला आयपीची रेंज विचारते. पुस्तकात /२८ च्या सबनेटमध्ये (नेटवर्कच्या छोट्या तुकड्यात) सोळा पत्ते, दोन राखीव, हाती चौदा. एडब्ल्यूएस प्रत्येक सबनेटमध्ये पाच राखून ठेवतं, हाती अकरा. सबनेटिंग तिथेही सुटत नाही, फक्त केबलला टोक बसवायची क्रिंपिंगची पक्कड सुटते. नुसत्या राउटर-स्विचवर आयुष्य काढता येईल असं मात्र मी सांगणार नाही. दोन वर्षांनी क्लाऊड किंवा सिक्युरिटीकडे सरकावं लागेल. पगार सुरुवातीला कमी असतो आणि नाइट शिफ्ट चुकत नाही, हेही घरी आत्ताच सांगून ठेवा.

आज रात्री वेळ असेल तर पॅकेट ट्रेसर उतरवून २९६० मॉडेलचे दोन स्विच जोडा. मध्ये ट्रंक, व्हीलॅन १०, २० आणि ९९, एका बाजूला ९९ मधला पीसी. त्या पीसीवरून पलीकडच्या स्विचमध्ये टेलनेट (दूरून लॉगिन) करा, सगळं सेव्ह करा, आणि मग त्याच ट्रंकवर ‘अ‍ॅड’ न लिहिता ३० चढवा. टेलनेट जिथे गोठेल तिथे मी होते. खाली पॉवर सायकलचं बटण आहे, तुमचे वॉचमन काका तेच.