दारू चारचौघांत, मीटिंग मात्र लपून

"ताई, यांना मीटिंगला पाठवलं तर लोके काय म्हनतीन?" दारू सोडू पाहणाऱ्यांच्या मीटिंगबद्दलचा हा प्रश्न धुळ्यातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत महिन्यातून दोन-तीनदा तरी येतोच. विचारणारी बहुतेक वेळा बायको असते, नाहीतर आई.

अशाच एका वहिनींची गोष्ट सांगते. ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत. अमळनेरकडचं गाव, थोडा कापूस, नवरा पिकअप चालवणारा. सकाळी क्वार्टर पोटात गेल्याशिवाय हातांची थरथर थांबायची नाही. पोळ्याला बैलांची मिरवणूक वेशीत आली, तेव्हा हे दादा पारापाशी आडवे. चौघांनी उचलून घरी आणलेले. म्हणजे झाकायला काही उरलंच नव्हतं. तरी वहिनींना भीती होती ती मीटिंगची.

मला आधी हसू आलं, मग ते गिळावं लागलं. पिणारा माणूस गावाच्या अंगवळणी पडलेला असतो. 'उपचाराला जातो' म्हटलं की मात्र तो रोगी ठरतो आणि बोलणी पोरीच्या सोयरिकीपर्यंत पोचतात. वहिनींची मुलगी बारावीला होती.

मीटिंगच्या आधी मी दादांना डॉक्टरकडे धाडलं. त्याला कारण होतं. आदल्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, दादांनी शपथ घेऊन एका दिवसात दारू तोडली होती. दुसऱ्या रात्री त्यांना भिंतीवर उंदीर दिसायला लागले, अंगाला घाम सुटला. घरच्यांनी भगताकडे नेलं. ही बाहेरची बाधा नव्हती. रोज भरपूर पिणाऱ्याने एकदम सोडली की पहिल्या दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भास होतात, जीवही जाऊ शकतो. त्यामुळे आधी दवाखाना, औषधं, आणि मग मीटिंग.

मीटिंग म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसची, सगळे 'एए' म्हणतात. १९३५ साली अमेरिकेत एक शेअर दलाल आणि एक सर्जन, दोघंही दारूडे, एकमेकांशी बोलत बसले आणि त्यातून हे उभं राहिलं. म्हणून आजही तिथे कुणी साहेब नसतो. फी नाही, फॉर्म नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. बंद मीटिंगला फक्त पिणारे बसतात, खुल्या मीटिंगला घरचेही चालतात.

वहिनी म्हणाल्या, "नंबर द्या, मीच फोन करते." मी नाही म्हटलं. फोन दादांसमोर ठेवला आणि आम्ही दोघी बाहेर ओट्यावर जाऊन बसलो. बारा-पंधरा मिनिटं आतून आवाज नाही. मग एकदाचं "हॅलो" ऐकू आलं. पलीकडच्या माणसाने म्हणे गाव विचारलंच नाही. "आज घेतली का?" एवढं विचारलं आणि म्हणाला, "गुरुवारी संध्याकाळी स्टँडवर उतरा, मी घ्यायला येतो." गावाजवळची मीटिंग नको, धुळ्याची चालेल, हे दादांनी स्वतःच ठरवलं. पहिल्या काही वेळा ओळखीचं कुणी नसलेलं बरंच. भाडं लागतं, पण एका क्वार्टरपेक्षा कमी.

खरं तर हा दुसरा प्रयत्न होता. पहिल्या वेळी मी माझ्याकडच्या जुन्या कागदावरून वार सांगितला होता. दादा गेले, तर मीटिंग भरते त्या शाळेच्या वर्गाला कुलूप. तिथून निघाले ते थेट दुकानात. ती चूक माझी. तेव्हापासून त्याच दिवशी फोनवर खात्री केल्याशिवाय मी कुणाला पाठवत नाही. एएच्या भारतातल्या मुख्य कार्यालयाच्या वेबसाइटवर संपर्क मिळतात, ऑनलाइन मीटिंगाही असतात. नाहीच जमलं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आधारासाठी १४४१६ हे सरकारी नंबर फुकट आहेत.

त्या गुरुवारी दादा दाराजवळ बसले, चपला हाताशी ठेवून. बोलायची सक्ती नव्हती, बोललेही नाहीत. मला त्यांनी सांगितली ती चहाची गोष्ट. सगळ्यांना ग्लास भरून चहा, यांना अर्धाच. आधी राग आला. मग पाहिलं, तर देणाऱ्याची नजर त्यांच्या थरथरत्या हातावर होती. सांडू नये म्हणून अर्धा. "त्याला न सांगता कळलं, ताई," म्हणाले.

लगेच सगळं सुरळीत झालं असं नाही. चौथ्या महिन्यात साडूच्या घरच्या लग्नात घेतली. दुसऱ्या दिवशी तोंड लपवून मीटिंगला गेले, परत आले ते शांत. पुढच्या खेपेला वहिनी माझ्याकडे तणतणत आल्या. "तिथे यांना कुणी एक शब्द बोललं नाही! 'बरं झालं आलात' म्हणे. मी असते ना, तर..." आणि मध्येच थांबून पदर तोंडाला लावून हसायला लागल्या.

मग विचारलं, "घरच्यांची पन मीटिंग असते म्हनता ना? ती कोनत्या वारी?"