बरे वाटले म्हणून गोळ्या थांबवल्या

प्रश्न : नैराश्यासाठी 7 महिने घेतलेले पॅरॉक्सेटिन बरे वाटू लागल्याने मी आठवड्यापूर्वी स्वतःच बंद केले. आता चक्कर येते, झोप लागत नाही, डोक्यात विजेचे झटके बसल्यासारखे वाटते. आजार उलटला का?

उत्तर : तसे असेलच असे नाही. हे औषध शरीरातून लवकर बाहेर पडते, त्यामुळे ते अचानक थांबवल्यास थोड्याच दिवसांत अशी लक्षणे दिसू शकतात. आजार उलटतो तेव्हा उदासी सहसा काही आठवड्यांनी, हळूहळू परतते. हे व्यसन नव्हे, स्वतःला दोष देऊ नका. मात्र आजच डॉक्टरांशी बोला आणि गोळ्या बंद केल्याचे निःसंकोच सांगा, म्हणजे गरजेनुसार त्या पुन्हा सुरू करून मात्रा काही आठवड्यांत किंवा महिन्यांत टप्प्याटप्प्याने कमी करता येईल. जीव नकोसा वाटल्यास मात्र एकटे न राहता तातडीने रुग्णालय गाठा.