अंगण सारवायला कोण येतं?

चि. मुली,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा वाईट वाटलं, दुसऱ्यांदा राग आला. तुझ्या बालवाडीच्या तेवीस मुलांतली सात तालुक्याच्या केजीत चालली, टाय लावून, व्हॅनमध्ये बसून. आणि तू विचारतेस, आपणही भिंतीवर एबीसीडीचा तक्ता लावू का? लाव. तक्त्यानं कुणी मेलेलं नाही. पण त्या सात घरांना तू वर्षभरात काय काम दिलंस, ते पत्रात कुठेच नाही. तीन पालकसभा घेतल्यास, प्रोजेक्टरवर मेंदूची चित्रं दाखवलीस. दुसऱ्या सभेला चार आया आल्या आणि तिसरीला कुणीच नाही. मीही आले नसते गं.

पालकांना शिकवू नकोस, कामाला लाव. हे मला उमगायला वीस वर्षं लागली, तुला एका पावसाळ्यात उमगावं अशी माझी घाई आहे.

आमच्या बालवाडीचं अंगण मातीचं होतं. दर शनिवारी दोन-तीन आया शेण घेऊन सारवायला यायच्या. पोरं मागे मागे बोटं ओढत नक्षी काढायची. सारवता सारवता बायका बोलायच्या: कुणाचं पोर रात्री दचकतं, कुणाचा नवरा वीटभट्टीवर गेला, कोण अजून अंगावर पितं. माझी खरी पालकसभा ती होती आणि मला ते माहीतच नव्हतं. मग एका देणगीदारानं पेव्हर ब्लॉक देऊ केले. मी सही केली. पावसात चिखल व्हायचा, पोरं घसरायची, वरून तपासणीला येणारे नाकं मुरडायचे. तू असतीस तरी केली असतीस. कदाचित नसतीस.

ब्लॉक बसले. गोगलगाई गेल्या, मुंगळ्यांची रांग गेली, हे तुझ्यासारखीला सांगायला नको. पण सारवायचं काम संपलं आणि आया यायच्या थांबल्या, हे माझ्या लक्षात यायला दोन वर्षं गेली. भांडण नव्हतं की राग नव्हता. यायला कारणच उरलं नव्हतं. मी मात्र आत फडताळात बियांच्या बरण्या मांडून त्याला ‘निसर्ग कोपरा’ म्हणत होते.

आपल्याकडे बालशिक्षण रुजवणाऱ्या ताराबाई मोडकांचं तुला मी सांगायला नको, प्रशिक्षणात पाठ केलं असशील. तरी एक सांगते. १९४५ मध्ये बोर्डीला काम सुरू झालं तेव्हा वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात. मग ताराबाई आणि त्यांच्या सहकारी अनुताई वाघ बालवाडीच त्यांच्या अंगणात घेऊन गेल्या. पुढे कोसबादला, गुरं राखणाऱ्या पोरांसाठी शाळा कुरणात गेली. महागड्या माँटेसरी साधनांच्या जागी शंख-शिंपले, बिया, खडे आले. आपण त्यातले शिंपले तेवढे उचलले. अंगण कुणाचं होतं ते विसरलो. १९७५ च्या सरकारी योजनेनं अंगणवाडी हे नाव देशभर नेलं, पण नावातलं अंगण माझ्या हातून तरी फरशीखाली गेलं.

आता तुझ्या पत्रातल्या, ‘मातीत खेळायला घरी अंगण आहे, बालवाडी कशाला?’ म्हणणाऱ्या बापाबद्दल. मलाही असाच एक भेटला होता. मी त्याला अर्धा तास भाषण दिलं. त्यानं हात जोडून ऐकलं आणि दुसऱ्या दिवशी मुलाचं नाव काढलं. त्याचं चुकलं नव्हतं. नव्या शैक्षणिक धोरणात खेळातून शिकणं लिहिलंय, हे दाखवशील तर तुझाही गप्प बसेल. पटणार नाही. माझ्याकडे तोच बाप तीन वर्षांनी आला, तेही शेळ्यांनी कुंपण मोडलं म्हणून मी बांबू तासायला बोलावलं तेव्हा. पोरं त्याला कामट्या मोजून देत होती: पाच आखूड, पाच लांब. दुपारपर्यंत तो स्वतःच मोठ्यानं मोजायला लागला. धाकटीला घातलं त्यानं. थोरला मात्र बालवाडीबाहेरच राहिला, आणि रस्त्यात भेटला तर तो बाप अजून माझ्याशी धड बोलत नाही. सगळं जुळून येतं असं समजू नकोस.

काम म्हणजे खरं काम हं. फोटोपुरतं, ग्रुपवर टाकण्यापुरतं नव्हे. तुझी खोली गळते, कुंपण नाही, बियांना पाखडायला सूप नाही. हे सगळं येणारी माणसं तुझ्या वस्तीत आहेत. लग्नाचा चौक, म्हणजे भिंतीवरचं वारली चित्र, लिहिणाऱ्या बायकांना बोलाव. गेरूची भिंत, तांदळाचं पीठ आणि काडी. पोरांना शेजारी खालच्या बाजूला जागा दे. ‘लिहायला कधी शिकवणार?’ म्हणणाऱ्या आईलाच तिथे बसव. काडी धरून रेघ सरळ आणताना बोटांना काय करावं लागतं, ते तिला तू सांगायची गरज नाही. वाल सोलायला आण. आवणीत, भातलावणीच्या दिवसांत, हजेरी घटते म्हणून रडू नकोस, चटई घेऊन बांधावर जा. मी गेले नाही. रजिस्टरची भीती होती मला.

एक धाकाची गोष्ट. बिया जपून. माझ्याकडे एकानं चिंचोका नाकात घातला होता, त्या दिवशी एसटी मिळेपर्यंत माझा जीव गोळा झाला होता. तीनच्या आतल्यांना चिंचोके देऊच नकोस. गुंजा दिसायला सुरेख, पण विषारी, दारातही नकोत. मोगली एरंडाच्या बिया पोरं शेंगदाण्यासारख्या खातात आणि उलट्यांनी हैराण होतात. कुंपणाला तो लावलेला असेल तर याच आठवड्यात उपटून टाक. उपटायला कुणाला बोलवायचं, ते आता विचारू नकोस.

तू लिहितेस, ‘ताई, मी कमी पडते.’ पडतेस. एकटी करतेस म्हणून. मीही एकटीच केलं, आणि लोक म्हणायचे बाई किती राबते. ते ऐकायला बरं वाटायचं, खोटं कशाला बोलू?

मृग तोंडावर आलाय. त्या सात घरांतल्या एका आजीला शेवळं, ती पहिल्या पावसातली रानभाजी, कुठे निघतात ते नक्की माहीत असेल. तिला पोरांना घेऊन जायला सांग. तू मागून चाल, पुढे नको. शेवळं मिळाली की निरोप धाड, मी येते. भाजी आया करतील, खाज जावी म्हणून काकडं, काकडाच्या झाडाची आंबट फळं, घालायची असतात ते त्यांना ठाऊक असतं. मी आपली काकडं फोडत बसेन.

तुझी,
ताई