मुलीला निर्वासितांची वकील व्हायचंय

नमस्कार सुभेदारसाहेब,

मुलगी टी.वाय.बी.ए.ला आहे. जम्मूतल्या रोहिंग्यांच्या अटकेवर तिने प्रकल्प केला आणि आता अशांचीच वकिली करायची म्हणते. तुम्ही लिहिता, “बावीस वर्षं सरहद्दीवर काढली, आणि पोरगी घुसखोरांची बाजू घेणार? वर त्यात पोट तरी भरेल का?”

पोटाचं आधी. निव्वळ निर्वासितांच्या केसेसवर नाही भरणार. अशिलाकडेच पैसे नसतात! तिला जामीन, फौजदारी अशी रोजची कामं करत हे सोबतीने चालवावं लागेल. पदवीनंतर एमएच-सीईटी लॉ ही प्रवेश परीक्षा, तीन वर्षांचं एलएलबी, मग सनद म्हणजे वकिलीचा परवाना आणि बारची परीक्षा. सुरुवातीची चार-पाच वर्षं ज्युनिअरशिपची, म्हणजे घरून हातभार लागणारच.

आता बाजू घेण्याचं. मार्च २०२१ मध्ये जम्मूत दीडशेहून जास्त रोहिंग्यांना पकडून हिरानगरच्या जेलमध्ये ठेवलं. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. सरकारने देशाच्या सुरक्षेचा मुद्दा मांडला. ८ एप्रिलला आदेश आला. सरन्यायाधीश होते आपल्या नागपूरचे शरद बोबडे. राज्यघटनेचं कलम १४ (समानता) आणि २१ (जीवित व स्वातंत्र्य) नागरिक नसलेल्यालाही लागू आहेत, पण देशाबाहेर न घालवलं जाण्याचा हक्क कलम १९ मधल्या देशात कुठेही राहण्याच्या हक्काशी जोडलेला, म्हणजे फक्त नागरिकाचा, असं कोर्ट म्हणालं. सुटका नाकारली. मात्र ठरलेली प्रक्रिया पाळल्याशिवाय परत पाठवायचं नाही, एवढं बजावलं.

केस हरली म्हणा हवं तर. पण ती शेवटची अट हातात राहिली, आणि या वकिलाचं बरंचसं काम अशा अटींवरच चालतं. आपण १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही, १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या जागी सप्टेंबर २०२५ पासून नवा कायदा आलाय, पण निर्वासितांना वेगळा दर्जा त्यातही नाही. त्यामुळे वकिलाला फिरून फिरून कलम २१ कडेच यावं लागतं. १९९६ मध्ये चकमांच्या, म्हणजे पूर्व पाकिस्तानातून आलेल्या निर्वासितांच्या, प्रकरणात त्याच कलमाच्या आधारे अरुणाचल सरकारला त्यांच्या जिवाचं रक्षण करायला कोर्टाने सांगितलं होतं.

सुरक्षेचा धोका खोटाच असतो असं मी म्हणत नाही. तुम्ही तो जवळून पाहिलाय. पण धोका नेमका या माणसापासून आहे का, हे कुणीतरी विचारायला हवं ना? ब्रिटनमध्ये २००४ साली हाउस ऑफ लॉर्ड्सच्या, म्हणजे तेव्हाच्या सर्वोच्च कोर्टाच्या, न्यायाधीशांनी नेमकं असंच विचारलं: संशयित ब्रिटिशही आहेत, मग खटल्याविना बेमुदत कोठडी परदेशी संशयितांनाच का? कोर्ट मार्शलमध्ये आरोपी जवानाला डिफेंडिंग ऑफिसर मिळतो. त्याला फितूर म्हणता का तुम्ही?

सुट्टीत तिला जिल्हा कोर्टात एखाद्या फौजदारी वकिलाकडे महिनाभर बसवा. तारखांना कंटाळली नाही तर सीईटीचा फॉर्म भरू द्या. आणि हो, थोडी बांगला शिकायला सांगा. रोहिंग्यांची भाषा चितगावच्या बोलीला जवळची आहे. दुभाष्या लागेलच, पण अशिलाचं म्हणणं थोडंफार कळायला मदत होईल.