शेंद्री लावताय? बी ताजंच घ्या

शेंद्री, म्हणजे ज्याच्या बियांपासून खाण्याचा केशरी रंग मिळतो ते झाड (ॲनाटो), पहिल्यांदाच लावताय, तर बी ताजं, लालभडक बघून घ्या; जुनं, काळपट बी उगवायला फार रडवतं. रात्रभर पाण्यात भिजवा. पाणी केशरी झालं तरी घाबरू नका, वरचा रंग सुटतो तो. झाड मूळचं अमेरिका खंडातल्या उष्ण भागातलं, पण कोकणात छान रुळतं. ऊन भरपूर हवं, मुळाशी पाणी साचायला नको. बियांच्या रोपाला फुलं यायला साधारण दोन वर्षं लागतात, धीर धरा. मऊ काट्यांची बोंडं तपकिरी होऊन तडकायला लागली की तोडा. बिया सावलीतच वाळवा, उन्हाने रंग उडतो. आणि हा रंग तेलात उतरतो: चमचाभर बिया मंद आचेवर तेलात फिरवा, तेल केशरी झालं की लगेच गाळा. करपल्या तर कडवट लागतं.